योहान ३:१६ मूळ ग्रीकमधून वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा एक छोटा अभ्यासगट आहे, शनिवारी संध्याकाळी भेटतो, वेगवेगळ्या मंडळ्यांमधली माणसं येतात, कोणी कॅम्पातून, कोणी गुरुवार पेठेतून, कोणी पार पिंपरीहून. योहान ३:१६, म्हणजे बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय, सोळावं वचन, त्यावर नवीन कोणी आलं की तेच तेच प्रश्न येतात, व्हॉट्सॲपवर पण येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. ग्रीक शब्द देवनागरीतच लिहिलेत, म्हणजे लिपी येत नसली तरी वाचता येईल.

सगळं बायबल सोडून एकच वचन का, आणि तेही सगळ्यांना पाठ असलेलं?

पाठ आहे म्हणूनच. संडे स्कूलपासून आपण हे वचन इतक्या वेळा म्हटलंय की ते तोंडातून आपोआप येतं आणि मन दुसरीकडे असतं. ग्रीकमध्ये वाचताना काय होतं की वेग कमी होतो, प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं, हा कर्ता का, हे कर्म का, हे क्रियापद कोणत्या काळातलं, आणि मग लक्षात येतं की अरे आपण हे वाक्य कधी नीट वाचलंच नव्हतं. दुसरं कारण असं की ग्रीकच्या नावाने ज्या काही समजुती मंडळ्यांमधून फिरतात त्यातल्या निम्म्या तरी या एका वचनाशी जोडलेल्या आहेत, तर त्या इथेच तपासून बघता येतात.

बरं, मूळ वचन आहे तरी कसं?

असं आहे: हूतोस गार एगापेसेन हो थेओस तोन कोस्मोन, होस्ते तोन हुइओन तोन मोनोगेने एदोकेन, हिना पास हो पिस्तेउओन एइस आउतोन मे आपोलेताइ आल्ल एखे झोएन आइओनिओन.

शब्दाला शब्द ठेवला तर साधारण असं होतं: "असं – कारण – प्रीती केली – देवाने – जगावर, परिणामी – पुत्र – तो एकुलता एक – दिला, यासाठी की – प्रत्येक – विश्वास ठेवणारा – त्याच्यावर – नाश न पावो – तर – असो त्याच्याकडे – जीवन – सार्वकालिक." हे मराठी म्हणून वाईट आहे पण अभ्यासासाठी चांगलं आहे. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच वहीत लिहायला लावतो, वर ग्रीक खाली मराठी, मध्ये रेघ.

यात दुसरा शब्द बघा, 'गार', म्हणजे 'कारण'. ग्रीकमध्ये तो वाक्यात पहिला येत नाही, दुसऱ्या जागी बसतो. आपण वचन पाठ म्हणताना तो 'कारण' बहुतेक वेळा गाळतो, पण त्याच्यामुळे कळतं की हे वाक्य मागच्या वाक्याचं कारण सांगतंय, सुटं नाहीये. मागे काय आहे? मोशेने अरण्यात साप उंच केला ती गोष्ट, गणना २१ मधली. लोकांना विषारी साप चावत होते, मोशेने पितळेचा साप करून खांबावर टांगला, बघणारा वाचायचा. १४ आणि १५ वं वचन त्याबद्दल आहे आणि १६ वं 'कारण' म्हणून तिथून पुढे निघतं.

म्हणजे आपलं मराठी बायबल चुकीचं आहे का?

नाही. हे अगदी स्पष्ट सांगतो, कारण दर वेळी कोणीतरी हा प्रश्न घाबरत घाबरत विचारतं. मराठी भाषांतराच्या मागे फार मोठं काम आहे, सेरामपूरहून १८११ मध्ये विल्यम केरींचा मराठी नवा करार निघाला, तो मोडीत छापला होता, तेव्हापासून किती पिढ्या यावर बसल्यात, बाबा पदमनजींसारखी माणसं सुधारणेच्या कामात होती. आणि आपल्या पुण्याच्या माणसाने तर पंडिता रमाबाईंचं नाव विसरूच नये. संस्कृतात त्या 'सरस्वती' पदवी मिळवलेल्या, शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं, नंतर केडगावला मुक्ती मिशन, आणि तिथे इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मूळ भाषांमधून साध्या मराठीत आणलं. साध्या मराठीत हा त्यांचा आग्रह होता, खेड्यातल्या बाईला कळलं पाहिजे म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत ते काम त्यांनी पूर्ण करत आणलं होतं. दौंडच्या लोकलमध्ये बसलं की केडगाव लागतं, आपण त्या स्टेशनवरून कितीदा जातो.

तर ग्रीक वाचायचं ते मराठीतल्या चुका काढायला नाही. भाषांतर करणाऱ्याला चार शक्यतांपैकी एक निवडावीच लागते, बाकीच्या तीन कोणत्या होत्या ते बघायला ग्रीक.

"एवढी प्रीती केली" यातलं 'एवढी' ग्रीकमध्ये आहे का?

हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे, यावर थोडं सविस्तर लिहितो.

'हूतोस' हा वाक्यातला पहिला शब्द. त्याचा नेहमीचा अर्थ 'अशा रीतीने', 'अशा प्रकारे'. किती प्रीती केली हे सांगण्यापेक्षा कशी केली हे सांगणारा शब्द. आणि याच अध्यायात तो आधी येऊन गेलाय, १४ व्या वचनात: जसा मोशेने साप उंच केला 'तसं' मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जाणं भाग आहे. ते 'तसं' म्हणजे हाच हूतोस. ८ व्या वचनात पण, वारा जिकडे पाहिजे तिकडे वाहतो, आत्म्यापासून जन्मलेल्या प्रत्येकाचं 'तसंच' आहे, तिथेही हाच. मग दोन वचनं पुढे आल्यावर वाचणाऱ्याच्या कानात 'तसं, अशा रीतीने' हाच अर्थ असणार ना.

म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की वाक्याचा रोख असा आहे: देवाने जगावर प्रीती केली ती या रीतीने केली, पुत्र देऊन केली. काही जणांना दोन्ही अर्थ एकत्र दिसतात, रीत पण आणि माप पण, कारण पुढे 'होस्ते' आहे, 'इतकं की, परिणामी'. माझं मत विचाराल तर रीत आधी, पण माप नाहीच असं म्हणणं जास्तीचं होईल, कारण पुत्र दिला यातच माप आलं. आणि गंमत म्हणजे मराठीत यासाठी एक सरळ शब्द आहे, 'अशी'. "अशी भूक लागली की उभं राहवेना" म्हणतो तेव्हा रीत आणि माप दोन्ही एकदम येतं. "देवाने जगावर अशी प्रीती केली की" असं वाचून बघा, हूतोसच्या बराच जवळ जातो आपण.

'होस्ते' बद्दल एक ग्रामरची गोष्ट. नव्या करारात होस्तेने परिणाम सांगायचा असला तर पुढे बहुतेक वेळा क्रियापदाचं तुमन्त रूप येतं, 'करायला, द्यायला' अशा प्रकारचं. इथे मात्र सरळ 'एदोकेन', दिला, झालेली घटना म्हणून येतं. अशी रचना नव्या करारात फारच कमी आहे, दुसरी जागा गलतीकरांस २:१३. म्हणजे लेखक इथे 'पुत्र देण्याइतकी प्रीती' एवढ्यावर थांबत नाही, दिला म्हणून सांगतो.

आगापे म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम आणि फिलिया म्हणजे मैत्रीचं, हे बरोबर ना?

संदेशांमध्ये हे खूप ऐकायला मिळतं, आणि सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण शब्द तपासले तर हे टिकत नाही.

योहान ३:१६ मध्ये 'एगापेसेन' आहे, क्रियापद 'आगापाओ'. आता त्याच पानावर खाली या, १९ वं वचन: माणसांना प्रकाशापेक्षा अंधाराची आवड होती. ती 'आवड' कोणत्या क्रियापदाने सांगितलीय? आगापाओ. तेच क्रियापद, तोच काळ, फक्त अनेकवचन, एगापेसान. अंधारावरचं प्रेम काही निःस्वार्थ दैवी प्रेम नाही. पुढे २ तीमथ्य ४:१०, देमास पौलाला सोडून गेला कारण त्याला हे जग प्रिय झालं, तिथेही आगापाओ. आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात २ शमुवेल १३ मध्ये अम्नोनला तामारबद्दल जे वाटत होतं, ज्याचा शेवट इतका भयंकर झाला, त्यालाही हेच क्रियापद वापरलंय.

उलट बाजूने बघा. पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान ३:३५ मध्ये आगापाओने सांगितलंय आणि ५:२० मध्ये फिलेओने, म्हणजे फिलियाच्या क्रियापदाने. पिता तोच, पुत्र तोच, प्रीती तीच. योहानाला दोन शब्द आलटून पालटून वापरायची सवय आहे.

मग देवाच्या प्रेमाचं वेगळेपण कुठे गेलं? ते वाक्यात आहे. कोणी केलं, कोणावर केलं, आणि काय दिलं. 'कोस्मोस' म्हणजे जग, आणि योहानात जग हा काही फार चांगल्या अर्थाचा शब्द नाही, १:१० मध्ये जगाने त्याला ओळखलं नाही, १५:१८ मध्ये जग द्वेष करतं. त्या जगावर प्रीती केली. हे सगळं बाजूला ठेवून आपण जर 'आगापे' या एका शब्दात अर्थ कोंबला तर वाक्याची ताकद कमीच होते, असं मला मनापासून वाटतं.

एकुलता एक की एकुलता जन्मलेला?

'मोनोगेनेस'. यावर जुना वाद आहे. मोनोस म्हणजे एकच, आणि दुसरा भाग 'गेनोस' म्हणजे जात, प्रकार, कुळ. त्यामुळे 'आपल्या प्रकारचा एकच'. लॅटिनमध्ये तो 'एकुलता जन्मलेला' असा गेला आणि तिथून जुन्या इंग्रजी भाषांतरात. आजही काही अभ्यासक जन्माचा अर्थ धरून आहेत, चर्चा संपलेली नाही.

शब्दाच्या फोडीवर भांडत बसण्यापेक्षा वापर बघावा. लूकमध्ये नाईन गावच्या विधवेचा मुलगा, याईराची मुलगी, दोघांना हाच शब्द, म्हणजे एकुलतं एक मूल. आणि इब्री ११:१७ मध्ये इसहाकाला मोनोगेनेस म्हटलंय. अब्राहामाला इश्माएल आधीच होता! म्हणजे तिथे 'एकच जन्मला' असा अर्थ लागत नाही, देवाने अब्राहामाला दिलेल्या वचनातला तो एकमेव, ज्याच्यासारखा दुसरा नाही, असाच लागतो. शिवाय बापाने मुलगा अर्पण करायचा ही गोष्ट आहे ती, योहान ३:१६ वाचताना इसहाक आठवला तर ते काही ओढूनताणून नाही. मराठीतलं 'एकुलता एक' मला इथे चांगलं वाटतं, त्यात आईबापाची माया आपोआप येते.

'एगापेसेन' ओरिस्त काळात आहे, म्हणजे एकदाच केली आणि झाली असं ना?

नाही हो. ओरिस्त म्हणजे घटना अख्खी धरून सांगायची, आत किती वेळ गेला ते सांगायचं नाही. योहान २:२० बघा, एकच अध्याय मागे, यहुदी म्हणतात हे मंदिर बांधायला ४६ वर्षं लागली, आणि 'बांधलं' हे क्रियापद ओरिस्तात आहे. ४६ वर्षं चाललेलं काम ओरिस्तात बसतं म्हणजे 'एका क्षणात, एकदाच' हा अर्थ त्या काळाच्या रूपात नाही. वधस्तंभ एकदाच झाला हे खरं, पण ते इतर वचनांवरून शिकवा, ओरिस्तावर त्याचा भार टाकू नका.

विश्वास 'ठेवत राहणारा' असा अर्थ आहे का?

'हो पिस्तेउओन', विश्वास ठेवणारा. मराठीत णारा-णारी लावून जे होतं तेच. भाषांतरात "जो कोणी विश्वास ठेवतो" असं येतं, ग्रीकमध्ये 'जो कोणी' असा वेगळा शब्द नाही, 'पास' म्हणजे प्रत्येक आणि पुढे हा विश्वास ठेवणारा. वर्तमानकाळी रूप आहे म्हणून चालू राहण्याची छटा आहे, पण त्यावरून "एक दिवस जरी डळमळलात तरी गेलं" असं कोणी शिकवत असेल तर ते रूप एवढं सांगत नाही.

मला इथे दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. योहानाच्या अख्ख्या शुभवर्तमानात 'पिस्तिस', विश्वास हे नाम एकदाही येत नाही. क्रियापद मात्र शंभरच्या आसपास वेळा येतं. पौल नाम भरपूर वापरतो, योहान शुभवर्तमानात कधीच नाही. आणि क्रियापदाबरोबर 'एइस', म्हणजे 'च्या आत, च्याकडे' हा शब्द जोडतो, जो हालचालीसाठी वापरतात, घरात जाणं, गावाकडे जाणं. साध्या ग्रीकमध्ये 'पिस्तेउओ' बरोबर नुसती चतुर्थी चालते आणि योहान ती पण वापरतो, पण येशूबद्दल बोलताना त्याचा कल या एइसकडे आहे.

"नाश होऊ नये" म्हणजे नरक का?

'आपोलेताइ'. याच रूपात, अक्षर न अक्षर तेच, हा शब्द योहान ६:१२ मध्ये येतो. पाच हजारांना जेवू घातलं, सगळे तृप्त झाले, आणि येशू शिष्यांना म्हणतो उरलेले तुकडे गोळा करा, काही 'वाया जाऊ नये'. ते वाया जाऊ नये म्हणजे आपोलेताइ. बारा टोपल्या भरल्या. आणि लूक १५ मधलं हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला मुलगा, तिघांनाही याच क्रियापदाची रूपं आहेत.

म्हणजे एकाच क्रियापदात नाश होणं, हरवणं, वाया जाणं सगळं येतं. १६ व्या वचनात त्याच्या समोर सार्वकालिक जीवन ठेवलंय म्हणून 'नाश' हे गंभीरपणेच घ्यायला पाहिजे, सौम्य करायचं नाही, पण जो देव भाकरीचे तुकडे सुद्धा वाया जाऊ देत नाही तो इथे माणसांबद्दल बोलतोय हे ग्रीक वाचणाऱ्याला ऐकू येतं. आमच्या गटात हे पहिल्यांदा निघालं तेव्हा एका आजींनी लगेच सहावा अध्याय काढून परत परत वाचला, आणि मग म्हणाल्या की आता हे वचन मी लेकाला फोनवर वाचून दाखवणार.

सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यानंतरचं?

नुसतं तेवढंच नाही. 'आइओनिओस' हे 'आइओन' म्हणजे युग यावरून, येणाऱ्या युगाचं जीवन. 'एखे' हे असणं वर्तमानकाळी रूपात आहे, आणि ५:२४ मध्ये तर सरळ 'आहे' म्हटलंय. १७:३ मध्ये त्याची व्याख्याच दिलीय, खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणं. तिकडे बघावं, फार खोदायची गरज नाही.

हस्तलिखितांमध्ये फरक आहेत म्हणतात, मग मूळ शब्द कोणते हे कसं कळणार?

पुण्यातल्या माणसाला हे समजावणं त्यामानाने सोपं जातं, कारण भांडारकर संस्था आपल्या गावात आहे. तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, १९१९ ला काम सुरू आणि १९६६ ला पूर्ण, देशभरातली हस्तलिखितं गोळा करून श्लोक न श्लोक ताडून बघितला, पाठभेद खाली तळटीपेत दिले. नव्या कराराच्या ग्रीकचं काम त्याच पद्धतीने चालतं. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांच्या वर आहेत, काही नुसते तुकडे, काही अख्खे ग्रंथ. आज जी छापील आवृत्ती बहुतेक भाषांतरकार वापरतात ती नेस्ले-आलांड, पहिली १८९८ ची, २८ वी २०१२ ची. तिच्यातही पानाखाली पाठभेद असतात.

आपल्या वचनात एक पाठभेद आहे. 'पुत्र' या शब्दानंतर 'आउतू', म्हणजे 'त्याचा', हा शब्द बऱ्याच नंतरच्या हस्तलिखितांत आहे, पण पपायरस ६६, पपायरस ७५ आणि व्हॅटिकानुस या जुन्या हस्तलिखितांत नाही, आणि सिनायटिकुस या हस्तलिखितातही मूळ लेखनिकाने लिहिलेल्या मजकुरात नाही. पपायरस ६६ हा सर्वसाधारणपणे इ.स. २०० च्या आसपासचा मानतात. म्हणजे जुन्या प्रतींत नुसतं 'तो पुत्र, तो एकुलता एक' आहे. नक्कल करणाऱ्याने अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून 'त्याचा' घातला असणार असं मानतात, कारण असलेला शब्द काढून टाकण्यापेक्षा मदतीचा शब्द घालणं जास्त वेळा होतं. अर्थात फरक पडतो का? नाही, पुत्र कोणाचा ते वाक्यावरून कळतंच, आणि मराठीत 'आपला' असं म्हणावंच लागतं.

सिनायटिकुसचे फोटो इंटरनेटवर मोफत बघता येतात, जरूर बघा. चौथ्या शतकातलं चामड्याचं पान, एका पानावर चार रकाने, सगळी मोठी अक्षरं, दोन शब्दांमध्ये जागाच नाही. मोडी वाचणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही, मोडीतही शब्द सलगच लिहितात. आणि 'थेओस', देव, हा शब्द पूर्ण लिहीत नाहीत, पहिलं अक्षर थीटा आणि शेवटचं सिग्मा एवढंच, आणि त्या दोन्हींच्या डोक्यावर एक आडवी रेघ. पवित्र शब्द म्हणून. ती रेघ एकदा ओळखता यायला लागली की अख्ख्या पानावर देवाचं नाव कुठे कुठे आहे ते लिपी न येणाऱ्यालाही सापडतं.

हे वाक्य येशू बोलला की योहानाने लिहिलं?

ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे या अध्यायात येशूला भेटायला आलेल्या निकदेमाशी चाललेलं बोलणं १५ व्या वचनाला संपतं की २१ व्याला, हे आपण ठरवतो. येशूचे शब्द लाल अक्षरांत छापलेल्या बायबलात लाल रंग कुठे थांबवायचा हे संपादकाने ठरवलेलं असतं. माझा कल १५ पाशी थांबण्याकडे आहे, कारण १६ पासून पुत्राबद्दल तिसऱ्याच कोणी बोलावं तसं चालू होतं आणि 'दिला' हे झालेलं म्हणून येतं. पण यावरून कोणाशी भांडण करू नये, शुभवर्तमान दोन्ही बाजूंनी तेच राहतं.

येशू तर अरामी बोलत होता, मग ग्रीकचा एवढा अभ्यास कशाला?

कारण शुभवर्तमान आपल्याकडे ग्रीकमध्ये लिहून आलंय. मागे जाऊन अरामी काय असेल याचे अंदाज बांधता येतात, पण ते अंदाजच.

ॲपमध्ये स्ट्राँग नंबर दाबला की अर्थ येतो, तेवढं पुरत नाही का?

सुरुवातीला पुरतं आणि मी कोणालाही थांबवत नाही, पण त्याचं काम काय ते समजून घ्या. जेम्स स्ट्राँगची शब्दसूची १८९० ची, आणि ती इंग्रजी बायबलातला शब्द मुळात कोणता हे शोधायला केलेली. नंबरावर दाबलं की पाच-सात अर्थांची यादी येते, आणि माणूस काय करतो की त्यातला मनाला आवडलेला अर्थ उचलतो आणि म्हणतो ग्रीकमध्ये असं आहे. शब्दाचे सगळे अर्थ एका जागी एकदम लागू होत नाहीत. मराठीत 'पाणी' म्हणजे प्यायचं पाणी, तलवारीचं पाणी, माणसातलं पाणी, आता "पाणी द्या" म्हटल्यावर कोणी तलवारीचा विचार करत नाही ना.

तसंच ते 'दुनामिस', म्हणजे सामर्थ्य, याचा अर्थ डायनामाइट असं सांगायचं प्रकरण. रोम १:१६ वर हे ऐकलं असेल. डायनामाइट हे नाव आल्फ्रेड नोबेलने १८६७ च्या सुमारास ग्रीक शब्दावरून दिलं, पौलाच्या १८०० वर्षांनंतर. पौलाच्या डोक्यात स्फोट असणं शक्य नाही.

मग ॲप कसं वापरायचं? नंबरावर दाबा, अर्थांची यादी सोडून द्या, आणि तो शब्द त्याच पुस्तकात अजून कुठे कुठे आलाय ती यादी उघडा. त्या सगळ्या जागा वाचा. वर आपण आगापाओ आणि आपोलेताइचं जे केलं ते एवढंच होतं, ग्रीक न येणाऱ्यालाही जमेल असं.

संस्कृत शाळेत झालंय, त्याचा उपयोग होतो का?

खूप. ज्यांचं संस्कृत झालंय ते आमच्याकडे बाकीच्यांपेक्षा भराभर पुढे जातात. विभक्ती माहीत असतात, ग्रीकमध्ये संबोधन धरून पाच आहेत. 'हो थेओस' प्रथमा, 'तोन कोस्मोन' द्वितीया, म्हणून शब्द कुठेही हलवले तरी कोणी कोणावर प्रीती केली ते बदलत नाही. मराठीत आपण 'देवाने' म्हणतो आणि 'जगावर' म्हणतो, ग्रीकमध्ये ना 'ने' आहे ना 'वर', जग सरळ कर्म आहे. आत्मनेपद-परस्मैपद माहीत असलं की ग्रीकचा मधला प्रयोग लगेच कळतो. भूतकाळात सुरुवातीला संस्कृतात 'अ' लागतो, अगच्छत्, तसा ग्रीकमध्ये 'ए' लागतो, एगापेसेन, एदोकेन. आणि एदोकेनचं वर्तमान 'दिदोमि', संस्कृत 'ददामि', दोन्ही एकाच मुळातले! पहिल्यांदा हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. फक्त इथे एक सावधगिरी, दिसायला सारखा म्हणजे नात्यातला असं धरू नका. 'थेओस' आणि 'देव' यांचं नातं नाही, देवशी नातं आहे ते लॅटिन 'देउस'चं.

शिकायला किती वेळ लागतो?

लिपीची २४ अक्षरं, आणि पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या कोणालाही अल्फा, बीटा, थीटा, सिग्मा, ओमेगा आधीच माहीत असतात, त्यामुळे आठवडाभरात अक्षरं वाचता येतात. पुढे खरं काम. नव्या करारात जे शब्द ५० वेळा किंवा जास्त येतात ते साधारण तीनशे आहेत, आणि अख्ख्या मजकुराचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग तेवढ्यातच येतो. रोज थोडं केलं आणि सोडलं नाही तर वर्षाच्या आसपास योहानाची सोपी वाक्यं डिक्शनरी घेऊन लावता येतात. योहानापासूनच सुरू करा, त्याचं ग्रीक सोपं आहे, शब्द थोडे आणि तेच तेच येतात. इब्रीकरांस पत्राला सुरुवातीला हात लावू नका.

पुण्यात कुठे शिकायचं?

मोठ्या दोन जागा म्हणजे बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, जे १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आलं, आणि नगर रोडला रामवाडीचं ज्ञानदीप विद्यापीठ, ते कॅथलिक, १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून आलं. बाहेरच्या माणसाला वर्गात किंवा लायब्ररीत बसता येईल का ते आधी फोन करून विचारून घ्या, सरळ गेटवर जाऊ नका. ते नाही जमलं तर तुमच्या पास्टरांना किंवा फादरांना विचारा, सेमिनरीत ग्रीक शिकलेला कोणीतरी ओळखीत निघतोच, आणि अशा माणसाबरोबर आठवड्याला एक तास बसणं कोणत्याही व्हिडिओपेक्षा चांगलं.

उच्चार कोणते बरोबर?

शाळेत शिकवतात ते आणि आजचे ग्रीक लोक बोलतात ते वेगळे आहेत. कोणताही एक धरा आणि तोच ठेवा.

संदेश देताना ग्रीक शब्द सांगू का?

शक्यतो नको. सांगायचाच तर एखादा, आणि मंडळीला स्वतःच्या मराठी बायबलात बोट ठेवून तपासता येईल असा. मंडळीतल्या माणसाला असं वाटायला लागलं की आपल्या हातातल्या पुस्तकात खरा अर्थ नाही, तो फक्त ग्रीक येणाऱ्या भाऊंकडे आहे, तर नुकसान मोठं होतं आणि ते भरून यायला फार वेळ लागतो. तुम्ही घरी ग्रीकवर तीन तास बसा, आणि रविवारी उपासनेत साध्या मराठीत "त्या पाच भाकरींचे तुकडे आठवा, वाया जाऊ नये म्हणाला होता" एवढं सांगा.

३:१६ झाल्यावर पुढे काय घ्यावं?

३:१७ घ्या, लगेच पुढचंच. ते पण 'गार' ने जोडलेलं आहे, शब्द बहुतेक ओळखीचे झालेत, आणि कोस्मोस त्या एका वाक्यात तीनदा येतो. तिन्ही जागी त्याची विभक्ती कोणती ते वहीत लिहा. दोनदा तो द्वितीयेत आहे आणि तिसऱ्यांदा प्रथमेत, म्हणजे तिथे जग कर्ता होतं. तिथलं क्रियापद कोणतं ते तुम्ही शोधा आणि शनिवारी घेऊन या.